संगणकशास्त्र शिकवायचे, पण कोणाच्या मापाने?

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर दोन वर्षांनी, २००१ मध्ये, राज्य शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ अर्थात ‘एमकेसीएल’ची स्थापना झाली आणि ‘एमएस-सीआयटी’ची पाटी राज्यात तालुक्याच्या गावोगावी झळकू लागली. म्हणजे गोंदिया जिल्ह्याचे वय आणि महाराष्ट्रातील संगणक साक्षरतेच्या चळवळीचे वय जवळजवळ एकच आहे. या काळात जन्मलेली पिढी आज पदवीच्या वर्गात किंवा नोकरीच्या शोधात आहे. तिच्यातील अनेकांपाशी संगणक हाताळता येत असल्याचे प्रमाणपत्र आहे. मात्र संगणकाला नवे काम नेमून देण्याची, म्हणजेच प्रोग्रॅम लिहिण्याची आणि तो का चालतो हे समजून घेण्याची विद्या त्यांच्यापर्यंत किती पोहोचली, हा प्रश्न वेगळा आहे.

या प्रश्नाला सध्या एक आकर्षक उत्तर दिले जात आहे. शिकणाऱ्याची पातळी, गती आणि चुका ओळखून प्रत्येकासाठी वेगळा मार्ग आखणारे ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करावेत, म्हणजे चांगल्या शिक्षकाची उणीव भरून निघेल, असे ते उत्तर. नागपूरपासून सुमारे १३० किलोमीटर आणि मुंबईपासून सुमारे एक हजार किलोमीटर दूर असलेल्या जिल्ह्याला हे आश्वासन भुरळ घालणारे आहे. ते फोल आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु कपडा बेतायचा तर आधी माप घ्यावे लागते. हे माप गोंदियाच्या विद्यार्थ्याचे घेतले जाणार आहे की पुण्या-बंगळुरूच्या, आणि शिवून झालेला कपडा अंगाला बसतो की नाही हे पाहायला कोणी जवळ असणार आहे की नाही, यावर या प्रयोगाचे यश अवलंबून राहील.

साक्षरता आणि शास्त्र

प्रथम एक गल्लत दूर करायला हवी. संगणक साक्षरता आणि संगणकशास्त्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. पत्र टंकलिखित करणे, तक्ता तयार करणे, ई-मेल पाठवणे ही साक्षरता. एखादे काम लहान लहान पायऱ्यांत फोडणे, त्या पायऱ्यांचा क्रम ठरवणे, कोणत्या अटीवर काय करायचे ते लिहिणे आणि उत्तर चुकले तर चूक शोधून काढणे हे शास्त्र. पहिल्याचे मोल कमी नाही. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता म्हणून मान्य झालेल्या ‘एमएस-सीआयटी’ने राज्यातील लाखो तरुणांची संगणकाची भीती घालवली, हे श्रेय तिला द्यावेच लागेल. पण पहिले आले की दुसरे आपोआप येते, हा समज मात्र चुकीचा आहे.

दुसरे शिकणे जगभरातच अवघड ठरले आहे. डेन्मार्कमधील जेन्स बेनेडसेन आणि मायकेल कॅस्परसन या संशोधकांनी २००७ मध्ये अनेक देशांतील महाविद्यालयांची आकडेवारी मांडली. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्याच अभ्यासक्रमात सुमारे एकतृतीयांश विद्यार्थी अपयशी ठरतात, असे तीत आढळले. २०१४ मध्ये झालेल्या आणखी मोठ्या पाहणीतही हे प्रमाण जवळजवळ तेच निघाले. ही गत सुसज्ज प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित अध्यापक असलेल्या संस्थांची. सालेकसा किंवा देवरीच्या महाविद्यालयातून आलेल्या विद्यार्थ्याला हा विषय जड गेला, तर दोष त्याच्या बुद्धीला देण्यापूर्वी ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे.

केंद्र सरकारच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक टप्प्याच्या आधीपासूनच कोडिंगची ओळख करून देण्याचा आग्रह धरला आहे. म्हणजे जो विषय महाविद्यालयात पेलत नव्हता, तो आता शाळेच्या दारात येऊन उभा आहे. शिकवणार कोण, हा प्रश्न त्यामुळे अधिकच तातडीचा झाला आहे.

एका वर्गात अनेक वर्ग

व्यक्तिसापेक्ष शिक्षणाची कल्पना संगणकाच्याही आधीची आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये तिला आकड्यांचे बळ दिले. एका विद्यार्थ्यामागे एक शिक्षक असला आणि एक भाग पक्का झाल्याशिवाय पुढे जायचे नाही असा नियम पाळला, तर सर्वसाधारण विद्यार्थीदेखील नेहमीच्या वर्गातील वरच्या दोन टक्क्यांत जाऊन बसतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या संशोधनात इतका मोठा फरक सहसा आढळला नाही. तथापि त्यांनी विचारलेला प्रश्न टिकला. प्रत्येकाला स्वतंत्र शिक्षक देणे कोणत्याही समाजाला परवडणारे नाही; मग तसाच परिणाम स्वस्तात कसा साधायचा?

भारतात या प्रश्नाचे एक ठोस उत्तर दिल्लीत मिळाले. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गनिमियान या अर्थशास्त्रज्ञांनी सहावी ते नववीच्या मुलांना ‘माइंडस्पार्क’ ही संगणकीय प्रणाली शाळा सुटल्यानंतर केंद्रांवर वापरायला देऊन साडेचार महिने तिचा परिणाम मोजला. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गणितात आणि हिंदीत या मुलांची प्रगती इतरांपेक्षा लक्षणीय होती. त्याहून महत्त्वाचे होते ते प्रारंभीचे निदान. सहावीतील मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होते आणि एकाच वर्गातील मुलांच्या पातळीत अनेक इयत्तांचे अंतर होते. पाठ्यपुस्तक पाहून शिकवणारा शिक्षक त्यातल्या मोजक्याच मुलांशी बोलत असतो. प्रणालीचे यश या निदानात होते. तिने मुलाची इयत्ता बाजूला ठेवून त्याची खरी पातळी ओळखली आणि तेथून शिकवायला सुरुवात केली.

हे निदान गोंदियाला तंतोतंत लागू पडावे अशीच या जिल्ह्याची घडण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार ५०७ होती आणि साक्षरता सुमारे ८५ टक्के. पाचांपैकी चारांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात आणि सुमारे १६ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. गोंदिया शहरातील खासगी शाळेत लहानपणापासून संगणक पाहिलेला विद्यार्थी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला विद्यार्थी, देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळेत शिकलेला विद्यार्थी आणि नवेगावबांधच्या जवाहर नवोदय विद्यालयातून बाहेर पडलेला विद्यार्थी हे चौघे पदवीच्या पहिल्या वर्षाला एकाच बाकावर येऊ शकतात. चौघांना एकच तास, एकच पुस्तक आणि एकच परीक्षा देणे हे समानतेचे लक्षण मानले जाते. प्रत्यक्षात तो चौघांपैकी तिघांवर होणारा अन्याय असतो.

दोन इतिहास

यंत्राला शिक्षक करण्याचा इतिहास दोन प्रवाहांत विभागलेला आहे आणि त्यांतील भेद समजणे आपल्या दृष्टीने अगत्याचे आहे.

पहिला प्रवाह विद्यार्थ्याकडे लक्ष देणाऱ्या प्रणालींचा. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये ‘प्लेटो’ ही संगणकाधारित अध्यापनाची व्यवस्था सुरू झाली. १९८० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लिस्प’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणारा संगणकीय शिक्षक तयार केला. विद्यार्थी प्रत्येक ओळ लिहीत असताना ही प्रणाली त्याचा विचार कोणत्या दिशेने चालला आहे याचा अंदाज घेई आणि वाट चुकताच सूचना देई. तिच्याकडे शिकलेल्यांनी सराव कमी वेळात पूर्ण केला आणि परीक्षेतही ते सरस ठरले. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा उत्तराची एकेक पायरी तपासणाऱ्या संगणकीय प्रणाली मानवी शिकवणीच्या जवळपास पोहोचतात, असे दिसून आले. केवळ अंतिम उत्तर बरोबर की चूक एवढेच सांगणाऱ्या प्रणाली मात्र बऱ्याच मागे राहिल्या.

दुसरा प्रवाह व्याख्यान सर्वांपर्यंत पोहोचवण्याचा. आपल्याकडे आयआयटी संस्थांच्या ‘एनपीटीईएल’ने २००३ पासून आणि केंद्राच्या ‘स्वयम्’ने २०१७ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर केले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापकांनी २०११ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय इंटरनेटवरून खुला केला, तेव्हा दीड लाखांहून अधिक लोकांनी नाव नोंदवले. अखेरपर्यंत टिकले ते वीस-पंचवीस हजारांच्या आत. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठाने ‘युडॅसिटी’ कंपनीच्या साह्याने गणिताचे प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन दिले. त्यांत उत्तीर्णांचे प्रमाण वर्गातल्यापेक्षा इतके घसरले की काही महिन्यांतच प्रयोग थांबवावा लागला. ज्यांची पूर्वतयारी कच्ची होती, त्यांनाच त्याचा फटका अधिक बसला.

आपल्याकडे ‘ऑनलाइन अभ्यासक्रम’ म्हटले की बहुधा हा दुसरा प्रवाह डोळ्यांसमोर येतो. चित्रफितींचा साठा तयार करायचा, शेवटी वस्तुनिष्ठ प्रश्न ठेवायचे आणि विद्यार्थ्याच्या नावाने ‘नमस्कार’ असा संदेश झळकवून त्याला व्यक्तिसापेक्ष म्हणायचे, असा प्रकार घडण्याचा धोका येथे आहे. त्याचा लाभ आधीच तयार असलेल्याला होतो. गोंदियाला हवा आहे तो पहिला प्रवाह.

चूक वाचणारा अभ्यासक्रम

चूक वाचणे म्हणजे नेमके काय, हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. विद्यार्थ्यासमोर तीन ओळी ठेवल्या : अ = ५; ब = अ; अ = ७. आता ब किती? बरोबर उत्तर ५ आहे. एखादा विद्यार्थी ७ म्हणतो. त्याने गणितातले समीकरण येथे आणले आहे. एकदा अ आणि ब समान ठरले म्हणजे ते कायमचे समान, असे त्याला वाटते. त्यालाच ‘अ = अ + १’ दाखवले तर हे अशक्य आहे असे तो म्हणेल, आणि गणिताच्या नियमाने त्याचे म्हणणे बरोबरच असेल. दुसऱ्या विद्यार्थ्याला विचारले, की दुसऱ्या ओळीनंतर अ मध्ये काय उरले, तर तो ‘काहीच नाही’ म्हणतो. एका पोत्यातले धान दुसऱ्यात ओतले की पहिले रिकामे होते, हा त्याचा रोजचा अनुभव. चल म्हणजे डबा, असे शिक्षकाने सांगितल्यामुळे हा गैरसमज उलट पक्का होतो. सातबाराची नक्कल काढली म्हणून मूळ नोंद पुसली जात नाही, एवढे त्याला सांगितले तर गाठ सुटते.

दोघांचेही गुण शून्य. पण दोघांना द्यायचा पुढचा धडा निराळा आहे. पहिल्याला समान चिन्हाचा नवा अर्थ समजावायचा आहे, तर दुसऱ्याला प्रत काढणे आणि हलवणे यांतील भेद. नवशिक्यांच्या अशा ठरावीक गैरसमजांची नोंद संशोधकांनी १९८० च्या दशकापासून केलेली आहे. त्यांत सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज कोणत्याही एका भाषेपुरता नाही : संगणकाला आपल्या मनातला हेतू कळतो, असे नवशिक्या गृहीत धरतो. रॉय पी यांनी १९८६ मध्ये त्याचे विवेचन केले होते. व्यक्तिसापेक्ष अभ्यासक्रमाची खरी पुंजी म्हणजे अशा चुकांचा संग्रह, प्रत्येक चूक पकडणारा प्रश्न आणि त्या चुकीवरचा नेमका उतारा. ही पुंजी गोळा करण्यासाठी अनुभवी शिक्षक आणि जिल्ह्यातील खऱ्या उत्तरपत्रिका लागतात. महागडी यंत्रसामग्री त्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट पायऱ्यांच्या क्रमाची. चल समजल्याशिवाय अट समजत नाही, अट समजल्याशिवाय ‘लूप’ म्हणजे पुनरावर्तन समजत नाही, आणि हे तिन्ही पक्के नसताना फंक्शन शिकवले तर पाठांतर सुरू होते. अभ्यासक्रम आखणाऱ्याने आधी या अवलंबनांचा नकाशा काढला पाहिजे. विद्यार्थ्याचे त्यावरील स्थान ठरवणे ही पुढची पायरी. उदाहरणे जवळची असली की हा प्रवास सुकर होतो. प्रत्येक बांधीत रोवणी करायची, बांध्या संपल्या की थांबायचे, एखादीत पाणी नसेल तर ती सोडून पुढे जायचे, हे भातशेतीच्या जिल्ह्यातील मुलाला सांगितले तर पुनरावर्तन आणि अट दोन्ही एका दमात समजतात. संगणकाशिवाय संगणकीय विचार शिकवणारे असे पाठ ‘एसीएम इंडिया’च्या ‘सीएसपाठशाला’ उपक्रमाने २०१६ पासून तयार केले आहेत. त्यांचा आधार शाळांना घेता येईल.

हातात फोन, समोर इंग्रजी

साधनाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. शिकणाऱ्याच्या घरी संगणक असेलच असे नाही. असतो तो बहुधा मोबाइल फोन, आणि तोही कुटुंबात एकच. फोनच्या पडद्यावर प्रोग्रॅम टंकित करणे जिकिरीचे असते. न्यूझीलंडमधील डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये सुचवलेला सरावाचा प्रकार येथे उपयोगी पडेल. प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून दिल्या जातात आणि विद्यार्थ्याने त्या योग्य क्रमाने लावायच्या असतात. बोटाने ओळी सरकवणे फोनवर सहज जमते आणि विद्यार्थी कोठे अडखळतो याची नोंदही प्रणालीला मिळते. घरी फोनवर क्रम लावण्याचा सराव आणि आठवड्यातून दोनदा केंद्रातील संगणकावर प्रत्यक्ष लेखन, अशी विभागणी झाली तर साधनांची टंचाई बरीच सुसह्य होईल.

जोडणीचा विचारही असाच व्यवहाराने करावा लागेल. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूचे जाळे नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली आणि २०१५ पासून ती ‘भारतनेट’ नावाने ओळखली जाते. गावापर्यंत तार पोहोचणे आणि विद्यार्थ्याच्या हाती अखंड जोडणी येणे यांत अंतर आहे. ते मिटेपर्यंत थांबण्याची गरज नाही. ‘कोलिब्री’सारख्या मोफत प्रणालीने केंद्रातील एका लहानशा संगणकावर सगळा अभ्यासक्रम साठवता येतो, विद्यार्थी इंटरनेटविना शिकतात आणि जोडणी मिळेल तेव्हा नोंदी वर पाठवल्या जातात. मात्र त्यासाठी चित्रफितींचा भार कमी करून सरावावर भर द्यायला हवा.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक. गोंदिया हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवरचा जिल्हा. शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि घरी पोवारी किंवा गोंडी असे अनेक मुलांचे भाषिक जीवन आहे. त्यावर संगणकाची भाषा इंग्रजी. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने यातून काढलेला मार्ग अनुकरणीय आहे. दहाएक मिनिटांच्या पाठात पडद्यावरची प्रणाली इंग्रजीतच राहते, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते. पुढे नोकरीत इंग्रजी पडद्याशीच गाठ पडणार असल्याने पडदा बदललेला नाही. समजुतीची भाषा तेवढी बदलली आहे.

उच्च शिक्षणातही या दिशेने हालचाल झाली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली आणि पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीची मराठी तुकडी सुरू झाली. गोंदियासाठी याहूनही पुढे जावे लागेल. स्पष्टीकरण मराठीत समजले नाही तर तेच हिंदीत ऐकण्याची सोय असावी. आणि संगणक जी इंग्रजी चूकसूचना देतो, तिचा साध्या मराठीत अर्थ सांगितला जावा. नवशिक्या अनेकदा या सूचनेपाशीच हाय खातो, कारण ती त्याला न समजणाऱ्या भाषेतली फटकार वाटते.

हंगामाचेही भान ठेवावे लागेल. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. शेतकरी आणि मजूर कुटुंबांतील मुले या दिवसांत अभ्यासापासून दूर जातात. ठरावीक तारखेला कुलूप लावणारा अभ्यासक्रम अशा मुलांना गळालेले मानतो. खरोखर व्यक्तिसापेक्ष अभ्यासक्रम तीन आठवड्यांनी परतलेल्या मुलीला थोडी उजळणी देऊन जेथे सोडले तेथूनच पुढे नेईल. ही सोय वर्गातल्या शिक्षकाला कठीण आहे. यंत्राला मात्र अगदी सोपी.

तयार उत्तराचा मोह

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेने या चर्चेचा नूर बदलला आहे. मराठीत प्रश्न विचारावा आणि प्रोग्रॅम लिहून मिळावा, हे आता शक्य आहे. मग अभ्यासक्रम आखण्याचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. तुर्कस्तानातील माध्यमिक विद्यार्थ्यांवर झालेला आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याचे उत्तर देतो. गणिताच्या सरावात ज्यांना असा संवादक मोकळेपणाने वापरू दिला, त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मात्र तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ते इतरांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. ज्यांना उत्तर न देता केवळ इशारे देणारी, शिक्षकांनी घडवलेली आवृत्ती दिली, त्यांचे नुकसान बव्हंशी टळले.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. तंत्रज्ञान तेच असूनही परिणाम उलट येऊ शकतो आणि फरक पडतो तो आखणीमुळे. इशारा केव्हा द्यायचा, उत्तर केव्हा रोखायचे, कोणत्या चुकीवर काय विचारायचे हे ज्याने विचारपूर्वक ठरवले आहे, त्याच्या हाती हे साधन शिक्षक होते. तसे ठरवले नसेल तर ते नक्कल पुरवणारे मार्गदर्शक होऊन बसते, आणि मार्गदर्शकावर परीक्षा निभावण्याची सवय आपल्याला नवी नाही.

जवळ बसलेला माणूस

येथे पुन्हा ‘एमएस-सीआयटी’कडे वळावे लागते. तिच्या यशाची मीमांसा करताना ई-लर्निंगचा उल्लेख आवर्जून होतो. शिकणाऱ्याने आपल्या गतीने पुढे जावे आणि प्रणालीने त्याची प्रगती नोंदवावी, ही कल्पना तिने मराठी मुलखात रुजवली. परंतु तिचा दुसरा आधारस्तंभ होता तालुक्याच्या गावचे केंद्र : ठरलेली वेळ, समोर संगणक, शेजारी बरोबरीचे विद्यार्थी आणि अडले की येऊन पाहणारी व्यक्ती. दिल्लीतील ‘माइंडस्पार्क’ची मुलेही घरी एकटी शिकत नव्हती, तीही केंद्रावर येत होती आणि तेथे त्यांना लहान गटांत शिकवणारे साहाय्यक होते. व्यक्तिसापेक्ष शिक्षण म्हणजे एकट्याचे शिक्षण नव्हे, हा या दोन्ही अनुभवांचा धडा आहे.

नेमका हाच खर्च अंदाजपत्रकात प्रथम कापला जातो. संगणक खरेदी करता येतात, त्यांचे उद्घाटन करता येते. शिक्षकाच्या वेतनाचे उद्घाटन होत नाही. केंद्राच्या ‘आयसीटी’ योजनेतून २००४ पासून शाळांना प्रयोगशाळा मिळाल्या. अनेक ठिकाणी निदेशक कंत्राटी होते. कंत्राट संपले की संगणकावर धूळ साचू लागते, हे निराळे सांगायला नको. नव्या अभ्यासक्रमांनाही हाच शाप लागू शकतो. प्रणाली घेतली म्हणजे शिक्षकाची गरज संपली, असा हिशेब मांडला गेला तर ती गरज अधिकच वाढल्याचे काही वर्षांनी कळून येईल.

खासगी कंपन्यांवर विसंबण्यातही जोखीम आहे. २०२० मध्ये मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या जाहिरातींचा पूर आला होता. त्याच वर्षी ‘बायजूज’ने ‘व्हाइटहॅट ज्युनिअर’ ही कंपनी सुमारे ३० कोटी डॉलरला विकत घेतली. २०२४ मध्ये ‘बायजूज’च दिवाळखोरीच्या प्रक्रियेत ओढली गेली. सार्वजनिक पैशातून तयार होणारा अभ्यासक्रम खुल्या परवान्याखाली असावा, म्हणजे पुरवठादार गेला तरी धडे राहतील. शिवाय अशी प्रणाली मुलांच्या चुकांची, वेळेची आणि सवयींची बारीक नोंद ठेवत असते. वैयक्तिक विदेच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. ही नोंद कोणाकडे राहील आणि ती केव्हा पुसली जाईल, हे करार करतानाच ठरायला हवे.

सुरुवात कोठून?

सुरुवात लहान असली तरी चालेल. जिल्ह्यातील विज्ञान व अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतन आणि आश्रमशाळा यांतील शिक्षकांचा एक गट, पहिल्या सत्राच्या पाच-सहा संकल्पना, आणि शहर, भातपट्टा व आदिवासी भाग यांचे प्रतिनिधित्व करणारी तीन-चार केंद्रे एवढ्यावर एक वर्षाचा प्रयोग उभा राहू शकतो. पहिले काही महिने केवळ विद्यार्थ्यांच्या चुका गोळा करण्यात घालवावेत. नंतर त्यांवरचे प्रश्न आणि धडे लिहावेत. यश मोजताना नोंदणीचा आकडा बाजूला ठेवावा. ज्याने सर्वांत खालून सुरुवात केली, तो वर्षअखेरीस न पाहिलेल्या प्रश्नावर स्वतःचा प्रोग्रॅम लिहू शकतो का, एवढीच कसोटी पुरेशी आहे.

राज्याच्या नकाशावर पूर्वेच्या टोकाला असलेल्या या जिल्ह्यात हा प्रयोग यशस्वी झाला, तर तो गडचिरोलीला, नंदुरबारला आणि मेळघाटालाही उपयोगी पडेल. उलट महानगरात बेतलेला अभ्यासक्रम भाषांतरित करून येथे पाठवला, तर नोंदणीचे आकडे मोठे दिसतील आणि वर्षाच्या शेवटी विद्यार्थी जेथे होता तेथेच राहील. पंचवीस वर्षांपूर्वी संगणक साक्षरतेने गोंदियाच्या तरुणाला संगणकासमोर बसवले. त्याच्या हातून त्या संगणकावर नवे काही घडावे अशी इच्छा असेल, तर अभ्यासक्रमाचे माप घेणाऱ्यांनी एकदा रोवणीच्या दिवसांत सालेकशापर्यंत जाऊन यावे.